‘बिग टेन’ मंडळाचा सव्वाशें वर्षांचा हिशेब

उच्च शिक्षणासाठीं महाराष्ट्रांतून अमेरिकेंत गेलेले कित्येक विद्यार्थी आज इलिनॉय, पर्ड्यू, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांत शिकत आहेत. शरद् ऋतूला आरंभ झाला कीं त्यांच्यांतील नवख्या मुलाला एक नवल दिसतें. एरव्हीं शांत असणाऱ्या त्या गांवांत शनिवारीं सकाळपासून माणसांचा लोंढा येऊं लागतो. घरें, दुकानें आणि मोटारी एकाच रंगानें नटतात. आणि विद्यापीठाच्या संघाचा खेळ पाहण्यासाठीं सारें गांव क्रीडांगणाकडे लोटतें. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत १,०७,००० हून अधिक, तर ओहायो स्टेटच्या क्रीडांगणांत १,०२,००० हून अधिक प्रेक्षक बसतात. सामना संपला तरी वाद संपत नाहीं. आमचें विद्यापीठ श्रेष्ठ कीं तुमचें, हा प्रश्न तेथें आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेला असतो. वाद घालणाऱ्या प्रत्येकाजवळ आंकडे असतात आणि कोणाचेहि आंकडे खोटे नसतात. असें असतां वाद मिटत कां नाहीं? या एका प्रश्नाचा उलगडा केला तर, एवढेंच नव्हे, तर कोणत्याहि दीर्घकालीन हिशेबाचें वाचन कसें करावें हेंहि ध्यानांत येतें.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. हा फुटबॉल आपल्याकडील मैदानांवर पायांनीं खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. यांतील चेंडू लांबट असून तो मुख्यतः हातांत घेऊन धांवतात किंवा हातानें फेंकतात. दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू असतात. ज्या संघाजवळ चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें; तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडूसह प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोंचणें यास टचडाउन म्हणतात व त्याचे सहा गुण मिळतात. पूर्वीं मात्र टचडाउनचे पांचच गुण मिळत. सहा गुणांचा नियम १९१२ पासूनचा आहे. चेंडू हातानें पुढें फेंकण्यास तर १९०६ पूर्वीं परवानगीच नव्हती. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण एकाच नांवाच्या खेळाचे नियम जर इतके पालटले असतील, तर त्या काळचा आंकडा आजच्या आंकड्याशेजारीं मांडतांना सावध राहिलें पाहिजे हें उघड आहे.

अमेरिकेंतील विद्यापीठें आपसांत सामने खेळण्यासाठीं आणि समान नियम पाळण्यासाठीं मंडळें स्थापन करतात. त्यांना तेथें कॉन्फरन्स म्हणतात. त्यांपैकीं जुन्या व मातबर मंडळांत ‘बिग टेन’ची गणना होते. १८९५ च्या जानेवारींत पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनीं शिकागो येथें काहीं विद्यापीठांच्या प्रमुखांची सभा बोलाविली, आणि पुढील वर्षीं, म्हणजे १८९६ मध्यें, सात विद्यापीठांचें हें मंडळ अस्तित्वांत आलें. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन हीं तीं सात. १८९९ मध्यें इंडियाना व आयोवा आलीं, १९१२ मध्यें ओहायो स्टेट आलें. मिशिगन १९०७ च्या सुमारास नियमांवरून रुसून बाहेर पडलें व १९१७ मध्यें परतलें. शिकागोनें १९४६ मध्यें मंडळाचा कायमचा निरोप घेतला. त्याच्या जागीं मिशिगन स्टेट आलें, आणि १९९३ पासून पेन स्टेट, २०११ पासून नेब्रास्का, २०१४ पासून मेरीलँड व रट्गर्स यांचे संघ या मंडळांत खेळूं लागले. २०२४ मध्यें तर थेट पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठें त्यांत सामील झालीं. नांव ‘दहा मोठे’ असलें तरी आज सभासद अठरा आहेत. नांवानेंच हिशेबाविषयीं सावधगिरीची सूचना द्यावी असा हा मौजेचा योग आहे.

आतां पहिली कसोटी पाहावी. ती सर्वांत सोपी आहे, आणि म्हणूनच सर्वांत अधिक वापरली जाते: आजवर एकूण सामने किती जिंकले? या कसोटीला मिशिगनचें नांव प्रथम येतें. १८ नोव्हेंबर २०२३ रोजीं मेरीलँडचा ३१ विरुद्ध २४ असा पराभव करून मिशिगननें आपला हजारावा विजय मिळविला. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलांत हा टप्पा गांठणारें तें पहिलें विद्यापीठ होय. परंतु या हजारांत काय काय आहे? मिशिगनचा पहिला सामना १८७९ मधील आहे. म्हणजे मंडळ जन्मास येण्यापूर्वीं सतरा वर्षें हा हिशेब सुरू झाला. शिवाय प्रारंभीच्या काळांत संघांचें बळ अत्यंत विषम असे. १९०१ सालीं प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या हाताखालीं मिशिगननें अकरा सामन्यांत ५५० गुण मिळविले आणि प्रतिपक्षांना एकहि गुण मिळूं दिला नाहीं. तो पराक्रम खोटा नव्हे. परंतु त्या अकरा विजयांतील प्रत्येक विजय आणि एक लाख प्रेक्षकांसमोर तुल्यबळ संघाशीं झुंजून मिळविलेला आजचा विजय, हे दोन्ही एकूण बेरजेंत एकाच मापानें मोजले जातात.

सामन्यांची संख्याहि सर्व काळ सारखी नव्हती. खेळांतील दुखापती व मृत्यू यांमुळें १९०५ सालीं देशभर ओरड झाली, तेव्हां या मंडळानें १९०६ पासून एका हंगामांतील सामने पांचांवर आणले. मिशिगनच्या रुसव्याचें हें एक कारण होतें. आज नियमित हंगामांत बारा सामने असतात, आणि वरच्या पायऱ्या चढत गेलेल्या संघाला पंधरा-सोळाहि खेळावे लागतात. अर्थात् आजचा उत्तम संघ एका वर्षांत जेवढे विजय मिळवितो, तेवढे मिळविण्यास १९०६ च्या उत्तम संघाला तीन वर्षें लागलीं असतीं. एकूण विजयांचा आंकडा दीर्घायुष्य सांगतो, सातत्य सांगतो. परंतु श्रेष्ठत्व सांगतोच असें नाहीं.

म्हणून जाणते लोक दुसरी कसोटी लावतात. ती शेंकडेवारीची. क्रिकेटमध्यें फलंदाजाच्या एकूण धांवांपेक्षां सरासरी पाहतात, तसाच हा प्रकार आहे. जिंकलेल्या सामन्यांना खेळलेल्या सामन्यांनीं भागावें. बरोबरींत सुटलेला सामना अर्धा विजय धरावा. उदाहरणार्थ, १९७३ सालीं मिशिगननें अकरा सामन्यांपैकीं दहा जिंकले व एक बरोबरींत सुटला. दहा आणि अर्धा मिळून साडेदहा. त्यास अकरांनीं भागिलें असतां शेंकडा सुमारें ९५ येतात. हिशेब सरळ आहे. परंतु या साध्या अर्ध्या विजयाच्या पोटांत केवढें दुःख दडलेलें असूं शकतें हें त्याच वर्षाच्या कथेवरून कळून येतें.

त्या वर्षीं मिशिगन आणि ओहायो स्टेट हे दोन्ही संघ अजिंक्य राहून शेवटच्या सामन्यांत समोरासमोर आले. सामना १०-१० असा बरोबरींत सुटला. त्या काळीं जादा वेळ खेळविण्याची पद्धति नव्हती. ती नियमित हंगामांत १९९६ मध्यें आली. हंगामानंतर कॅलिफोर्नियांत होणाऱ्या रोझ बोल सामन्यास मंडळाचा एकच संघ जात असे, आणि दुसऱ्या संघाला हंगामानंतरचा अन्य कोणताहि सामना खेळण्यास मंडळाची बंदी होती. मंडळांतील विद्यापीठांच्या क्रीडाप्रमुखांनीं मतें दिलीं आणि ओहायो स्टेटची निवड झाली. एकहि सामना न हरलेले मिशिगनचे खेळाडू घरीं बसले. १९७२, १९७३ आणि १९७४ या तीन हंगामांत मिळून मिशिगननें तीस सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरींत सोडविला. आणि तिन्ही वर्षीं त्यांना हंगामोत्तर सामना लाभला नाहीं. १९७५ मध्यें मंडळानें हा नियम बदलला. परंतु त्या मुलांचें महाविद्यालयीन जीवन तोंवर संपलें होतें. शेंकडेवारीच्या कोष्टकांत या सगळ्याची नोंद ‘अर्धा’ एवढीच आहे.

तिसरी कसोटी मंडळाच्या विजेतेपदांची. एका मंडळांतील सभासदांची तुलना करावयाची तर हीच कसोटी न्याय्य वाटते. कारण येथें प्रतिस्पर्धी समान आणि नियमहि समान. २०२५ च्या हंगामाअखेर मिशिगनच्या नांवावर ४५ आणि ओहायो स्टेटच्या नांवावर ३९ विजेतेपदें आहेत. त्यांच्यामागून बरेंच अंतर सोडून इतर येतात: इलिनॉयचीं १५, विस्कॉन्सिनचीं १४. वरकरणीं ४५ आणि ३९ यांत सहांचें अंतर दिसतें. परंतु मिशिगन या मंडळांत सुमारें १२० हंगाम खेळलें आहे, ओहायो स्टेट सुमारें ११३. शंभर हंगामांमागें पाहिलें तर मिशिगनचीं सुमारें ३७ आणि ओहायोचीं सुमारें ३५ होतात. म्हणजे सहांचें अंतर दोन-तीनांवर येतें. भाजकाकडे लक्ष न देतां भाज्याकडेच पाहणारा विद्यार्थी गणितांत चुकतो, तोच प्रकार येथें घडतो.

हाच भाजक शिकागोला लावला म्हणजे तर अधिक आश्चर्य वाटतें. शिकागोचीं विजेतेपदें अवघीं सात. परंतु तें या मंडळांत ४४ हंगामच खेळलें. इलिनॉय व विस्कॉन्सिन यांचे हंगाम १३० आहेत. प्रमाण काढलें तर शिकागोला सहा-सात हंगामांमागें एक विजेतेपद पडतें, इलिनॉयला आठ-नऊ हंगामांमागें एक, विस्कॉन्सिनला नऊ हंगामांहून अधिक काळामागें एक. ज्या विद्यापीठाचें नांवहि आजच्या प्रेक्षकाला या संदर्भांत आठवत नाहीं, तें प्रमाणांत या दोघांच्याहि पुढें आहे! परंतु येथेंहि सावध राहिलें पाहिजे. सात किंवा दहा संघांत पहिलें येणें आणि अठरा संघांत पहिलें येणें यांत अंतर आहे. शिवाय जो खेळ सोडून गेला त्याचा हिशेब तेथेंच थांबला. तो खेळत राहिला असता तर पुढें किती वर्षें रिकामीं गेलीं असतीं हें कोण सांगणार?

विजेतेपदाचाहि अर्थ सर्व वर्षीं सारखा नव्हता. १९०१ मध्यें मिशिगननें मंडळांतील चार सामने जिंकले, विस्कॉन्सिननें दोनच. परंतु दोघेहि अपराजित म्हणून दोघेहि विजेते ठरले. १९६७ मध्यें इंडियाना, मिनेसोटा व पर्ड्यू या तिघांचे मंडळांतील निकाल सहा विजय व एक पराभव असे सारखे झाले आणि तिघांनींहि विजेतेपद वांटून घेतलें. तिघांच्याहि खातीं तें पूर्ण एक म्हणून जमा आहे. २०२० च्या साथींत सामने रद्द होऊं लागले. अंतिम सामन्यास पात्र होण्यासाठीं किमान सहा सामने खेळावे असा मंडळाचा नियम होता. ओहायो स्टेटचे पांचच होऊं शकले. तेव्हां मंडळानें तो नियम हंगाम चालूं असतांनाच मागें घेतला, आणि ओहायो स्टेटनें अंतिम सामन्यांत नॉर्थवेस्टर्नला हरवून विजेतेपद मिळविलें. उलट १९३६ चें उदाहरण पाहावें. वृत्तसंस्थेच्या मतमोजणीनें त्या वर्षीं देशांतील पहिला क्रमांक मिनेसोटाला दिला. परंतु मंडळांतील विजेतेपद नॉर्थवेस्टर्नचें होतें, कारण त्यांनीं मिनेसोटाला ६-० असें हरविलें होतें. एकाच वर्षीं देशांत पहिला असणारा संघ मंडळांत पहिला नव्हता. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत; फक्त प्रश्न निराळे आहेत.

चौथी कसोटी आमनेसामने झालेल्या सामन्यांची. या मंडळांत मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचें वैर सर्वश्रुत आहे. १८९७ मधील पहिल्या सामन्यांत मिशिगननें ३४-० असा विजय मिळविला. पहिल्या पंधरा सामन्यांपैकीं मिशिगननें तेरा जिंकले आणि दोन बरोबरींत सुटले. ओहायोला पहिला विजय १९१९ मध्यें लाभला. आज एकूण हिशेबांत मिशिगन पुढें आहे. परंतु हे पहिले पंधरा सामने वगळले तर तीच आघाडी ओहायोकडे जाते. २००१ ते २०१९ या काळांत मिशिगनला २००३ आणि २०११ असे दोनच विजय मिळाले. मग २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार मिळाले. आणि २०२५ मध्यें ओहायोनें २७-९ असा विजय मिळवून ती मालिका तोडली. तेव्हां ‘कोण वरचढ?’ या प्रश्नाला ‘केव्हांपासून?’ असा प्रतिप्रश्न केल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं. आजोबा, वडील आणि नातू हे तिघेहि आपापल्या तारुण्यांतील सामने आठवून बोलत असतात, आणि म्हणूनच तिघांचींहि उत्तरें भिन्न येतात.

आणखी एक गोष्ट. मैदानावर लागलेला निकाल कागदावर कायम राहतोच असें नाहीं. ओहायो स्टेटच्या काहीं खेळाडूंनीं आपलीं स्मृतिचिन्हें विकून नियमभंग केला आणि प्रशिक्षकांनीं तें माहीत असूनहि कळविलें नाहीं; म्हणून २०१० च्या हंगामांतील बारा विजय व विजेतेपदहि नोंदींतून काढण्यांत आलें. पेन स्टेटची गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथील माजी सहायक प्रशिक्षकानें बालकांवर केलेले अत्याचार उघडकीस आले, आणि २०१२ मध्यें क्रीडा-नियामक संस्थेनें १९९८ ते २०११ या काळांतील ११२ विजय रद्द ठरविले. २०१५ च्या जानेवारींत तडजोड होऊन ते परत नोंदीस जोडण्यांत आले. मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचे एकूण विजय त्यामुळें पुनः ४०९ झाले. एकदां पुसलेला आंकडा पुनः लिहितां येतो. ज्या मुलांचें बाल्य नासलें त्यांना मात्र कोणत्याहि ठरावानें तें परत देतां येत नाहीं. हिशेबाची वही किती सांगूं शकते आणि कोठें मुकी होते, हें या प्रकरणांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

येथें पुनः शिकागोकडे वळलें पाहिजे. १८९२ पासून १९३२ पर्यंत तेथें एमॉस अलॉन्झो स्टॅग हे प्रशिक्षक होते. १९०५ मध्यें शिकागोनें मिशिगनला २-० असें हरवून त्यांची ५६ सामन्यांची अपराजित मालिका संपविली. १९३५ मध्यें सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूसाठीं जें पारितोषिक प्रथमच देण्यांत आलें, व जें पुढें हाइस्मन पारितोषिक म्हणून प्रसिद्ध झालें, तें शिकागोच्याच जे बर्वॅंगर याला मिळालें. परंतु याच सुमारास संघ खालावत होता. १९३९ मध्यें मिशिगननें त्यांना ८५-० असें, ओहायो स्टेटनें ६१-० असें आणि इलिनॉयनें ४६-० असें हरविलें. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांचें मत असें कीं, विद्यापीठ हें विद्येसाठीं आहे. खेळाच्या बाजारासाठीं नव्हे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फुटबॉल संघ बंद करण्यांत आला.

पुढें त्या ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील बैठकींखालीं २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनीं अणूंची पहिली नियंत्रित शृंखला-प्रक्रिया घडवून आणली. जगाच्या इतिहासाला वळण देणारी ती घटना जेथें घडली, तेथें काहीं वर्षांपूर्वीं प्रेक्षकांचा जयघोष होत असे. शिकागोनें १९६९ मध्यें लहान प्रमाणावर फुटबॉल पुनः सुरू केला. परंतु मोठ्या मंडळांत तें कधींच परतलें नाहीं. हचिन्स यांचा निर्णय योग्य होता कीं अयोग्य, यावर मतभेद होऊं शकतात. तरी एवढें खरें कीं, विजयांच्या कोष्टकांत १९३९ नंतर शिकागोचा रकाना रिकामा दिसतो, आणि तो रिकामा रकाना अपयशाचा नसून निवडीचा आहे. कोष्टक वाचणाऱ्यास हा भेद दिसत नाहीं. इतिहास वाचणाऱ्यास दिसतो.

भूतकाळाचें भांडवल नव्या घरीं नेहमीं उपयोगी पडतेंच असें नाहीं, हें नव्या सभासदांकडे पाहिल्यास कळतें. नेब्रास्कानें १९७० पासून १९९७ पर्यंत पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें. २०११ मध्यें या मंडळांत आल्यापासून २०२५ पर्यंत त्यास मंडळाचें एकहि विजेतेपद मिळालेलें नाहीं. उलट ऑरेगन २०२४ मध्यें आलें आणि पहिल्याच वर्षीं विजेतें ठरलें. जुन्या सभासदांतहि असेंच उलटसुलट दिसतें. मिनेसोटानें १९३४ ते १९४१ या आठ हंगामांत सहा विजेतेपदें मिळविलीं. परंतु १९६७ नंतर त्याच्या वांट्यास एकहि आलेलें नाहीं. नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ या काळांत सलग ३४ सामने हरलें. आणि त्याच विद्यापीठानें १९९५ मध्यें विजेतेपद मिळवून रोझ बोलचें मैदान गांठलें.

परंतु या सर्वांवर ताण करणारी कथा इंडियानाची आहे. मंडळांत सव्वाशें वर्षें काढूनहि १९४५ आणि १९६७ हीं दोनच विजेतेपदें त्याच्या नांवावर होतीं. २०२४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीं त्याच्या खातीं सातशेंहून अधिक पराभव जमा होते. देशांतील वरच्या श्रेणीच्या कोणत्याहि विद्यापीठाचे इतके पराभव नव्हते. दीर्घकालीन हिशेब पाहून कोणीहि म्हटलें असतें कीं, येथें कधीं काहीं उगवावयाचें नाहीं. २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी नांवाचे प्रशिक्षक एका लहान विद्यापीठांतून तेथें आले. पहिल्याच हंगामांत अकरा विजय व दोन पराभव. दुसऱ्या, म्हणजे २०२५ च्या हंगामांत, एकहि पराभव नाहीं. ६ डिसेंबर २०२५ रोजीं मंडळाच्या अंतिम सामन्यांत ओहायो स्टेटवर १३-१० असा विजय. आणि १९ जानेवारी २०२६ रोजीं मायामी विद्यापीठावर २७-२१ असा विजय मिळवून राष्ट्रीय विजेतेपद. सोळा सामने, सोळा विजय. सोळापैकीं सोळा जिंकण्याचा असा पराक्रम येल विद्यापीठानें १८९४ मध्यें केला होता.

हा चमत्कार नव्हे. त्याला कारणें आहेत. पूर्वीं खेळाडूनें विद्यापीठ बदललें तर बहुधा त्याला एक वर्ष खेळाविना काढावें लागे. २०२१ पासून ही अट सैल झाली, आणि त्याच वर्षापासून खेळाडूंना आपल्या नांवाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्यें न्यायालयांतील तडजोडीनें विद्यापीठांना खेळाडूंना प्रत्यक्ष पैसे देण्याचीहि वाट मोकळी झाली. इंडियानाच्या विजयी संघाचा नायक आणि २०२५ चा हाइस्मन-विजेता फर्नांडो मेंडोझा हा कॅलिफोर्निया विद्यापीठांतून तेथें आला होता. म्हणजे एके काळीं चांगला संघ उभारण्यास जें दशक लागत असे, तें काम आतां दोन वर्षांत होऊं शकतें. मात्र हीच सोय सर्वच विद्यापीठांना उपलब्ध होती हेंहि विसरतां कामा नये. दार सर्वांना उघडें होतें. त्यांतून नीट पाऊल टाकणारे थोडेच निघाले.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे परतावयास हरकत नाहीं. सर्वांचे आंकडे खरे असतांना वाद मिटत नाहीं, याचें कारण प्रत्येक आंकडा निराळ्या प्रश्नाचें उत्तर आहे. एकूण विजय विचारतात, ‘किती काळ टिकलांत?’ शेंकडेवारी विचारते, ‘जेवढें खेळलांत त्यांत कितपत यश आलें?’ विजेतेपदें विचारतात, ‘शिखरावर किती वेळां चढलांत?’ आमनेसामनेचा हिशेब विचारतो, ‘शेजाऱ्याशीं कसे झुंजलांत?’ या चारांपैकीं कोणता प्रश्न विचारावयाचा आहे हें आधीं ठरवावें, कोणत्या वर्षापासून मोजावयाचें तें सांगावें, भाजक तपासावा, आणि मग आंकडा उच्चारावा. असें केलें तर ‘बिग टेन’ मंडळांत दीर्घ काळाच्या हिशेबानें मिशिगन आणि ओहायो स्टेट हीं दोन विद्यापीठें इतरांहून बरींच पुढें आहेत, आणि त्या दोघांतील क्रम कसोटीप्रमाणें बदलतो, एवढें निश्चयानें म्हणतां येतें.

परंतु दीर्घकालीन हिशेब हा काय घडलें याची साक्ष आहे. काय घडेल याचा निवाडा नव्हे. शाळेच्या हजेरीपटांत मागच्या बांकावर बसणाऱ्या मुलाचे गेल्या पांच वर्षांचे गुण पाहून त्याच्याविषयीं कायमचें मत बनविणारे लोक सर्वत्र असतात. त्यांचे आंकडे खोटे नसतात. फक्त त्या आंकड्यांत पुढचें वर्ष नसतें. इंडियानाच्या खातींचे सातशेंहून अधिक पराभव आजहि तसेच आहेत, त्यांतील एकहि पुसला गेलेला नाहीं. त्यांच्याच खालीं आतां सोळा विजयांची एक ओळ लिहिली गेली आहे, इतकेंच.